त्यांच्या जनाज्याची नमाज कोणी पढली?



वर्गात पहिले महायुद्ध शिकवण्याचा तास होता. फळ्यावर सन, देश, करार अशी नेहमीची यादी लिहून झाली. हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि त्यातली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत, हेही सांगून झाले. मुलांनी आकडे वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात एरवी कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, त्यांच्यात जे मुसलमान होते, त्यांच्या जनाज्याची नमाज कोणी पढली?”

पुस्तकात याचे उत्तर नव्हते आणि आम्हालाही ते ठाऊक नव्हते. “उद्या सांगतो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तो ‘उद्या’ उजाडायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत जे वाचले, ते त्या मुलीला सांगितलेच. पण ते आपल्या घराघरांतही पोचावे असे वाटले, म्हणून या महिन्याचे हे पान त्या प्रश्नासाठी.

मय्यतीला गुस्ल देणे, कफन देणे, नमाज पढणे आणि दफन करणे हे फर्ज-ए-किफाया आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. चार माणसांनी केले तर सगळी बस्ती सुटते. कोणीच केले नाही तर सगळी बस्ती गुन्हेगार. तेव्हा त्या मुलीचा प्रश्न नुसत्या इतिहासाचा नव्हता. ती विचारत होती, त्या परक्या मुलखात कोणी तरी हे फर्ज अदा केले का?

मुर्द्यांची आगगाडी

उत्तर शोधता शोधता आम्ही लंडनच्या एका कब्रस्तानात जाऊन पोचलो. त्याचे नाव ब्रुकवुड. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती दुपटीहून जास्त वाढली. चर्चच्या आवारातल्या जुन्या दफनभूमी मात्र तेवढ्याच राहिल्या. एका कबरीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी पाळी आली. १८४८-४९ मध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे गेली, तेव्हा तर पुरायला जागा उरली नाही. शेवटी सरकारने शहरातल्या भरलेल्या दफनभूमी बंद करण्याचा कायदा केला. १८५२ मध्ये पार्लमेंटच्या मंजुरीने एक कंपनी उभी राहिली. तिने लंडनपासून चाळीसेक किलोमीटरवर, सरे परगण्यात वोकिंगच्या माळावर सुमारे २००० एकर जमीन घेतली. १८५४ च्या नोव्हेंबरात तिथे दफन सुरू झाले. त्या काळी जगात एवढे मोठे कब्रस्तान दुसरे नव्हते. आजवर तिथे दोन लाखांहून जास्त माणसे दफन झाली आहेत.

एवढ्या लांब मय्यत न्यायची कशी? त्यासाठी कंपनीने चक्क स्वतंत्र आगगाडी चालवली. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाजवळून ती निघे आणि थेट कब्रस्तानाच्या आत जाऊन थांबे. आत दोन स्टेशने होती. एक इंग्लंडच्या सरकारी चर्चवाल्यांसाठी, दुसरे बाकी सर्व पंथ-धर्मांसाठी. गाडीला पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते, आणि हे वर्ग जिवंत माणसांसाठी होते तसे मुर्द्यांसाठीही होते! सोबत आलेल्यांना येण्याजाण्याचे तिकीट मिळे, मय्यतीला फक्त जाण्याचे. ही गाडी जवळजवळ नव्वद वर्षे चालली. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी टाकलेल्या बाँबनी तिचे लंडनचे स्टेशन उद्ध्वस्त केले आणि मग ती पुन्हा सुरू झालीच नाही.

वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली. मग आम्ही विचारले, “आपल्याकडे पहिल्या वर्गाचे कफन कोणते?” त्यावर सगळे गप्प झाले. कफनाला खिसा नसतो, हे आपल्या दाद्या-नान्यांचे म्हणणे मुलांना त्या दिवशी नीट समजले असावे.

वोकिंगची मशीद

ब्रुकवुडचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तिथे पहिल्यापासून वेगवेगळ्या जमातींना आपापला तुकडा घेण्याची मुभा होती. पारशी समाजाने १८६० च्या दशकातच तिथे जागा घेतली. मुंबईचे जमशेदजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले, ते तिथेच विसावले आहेत. पुढे त्यांचे दोन्ही मुलगे, रतन टाटा आणि दोराबजी टाटा, हेही तिथेच दफन झाले.

मुसलमानांसाठीचा तुकडा १८८० च्या दशकात राखला गेला. त्यामागे गॉटलीब लाइटनर नावाचे एक विद्वान होते. ते हंगेरीत जन्मलेले, ज्यू घराण्यातले, अनेक भाषांचे जाणकार आणि लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. त्यांनी वोकिंगला पौर्वात्य विद्यांची संस्था काढली आणि १८८९ मध्ये तिच्या आवारात मशीद बांधवली. पैसा दिला भोपाळच्या नवाब शाहजहाँ बेगम यांनी. त्यांच्याच नावाने ही शाहजहाँ मशीद आजही ओळखली जाते. मशीद म्हणून बांधलेली ब्रिटनमधली ती पहिली इमारत.

ब्रुकवुडच्या या तुकड्यात पहिली कबर कोणाची झाली असेल? कोणा नवाबाची नव्हे, वकिलाचीही नव्हे. १८९५ मध्ये लंडनला हिंदुस्थानविषयी एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात कसरतीचे खेळ करून दाखवायला आपल्याकडून एक गरीब बाजीगर गेला होता. तो तिथेच अल्लाहला प्यारा झाला. इंग्लंडमधल्या त्या कब्रस्तानाचा पाया अशा एका मजुरी करणाऱ्या माणसाच्या मय्यतीने घातला गेला.

ब्रायटनचा महाल, हॉर्सेलची कबर

आता महायुद्धाकडे येऊ. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरल्या. पंजाब, सरहद्द, गढवाल, नेपाळ, महाराष्ट्र अशा ठिकाणचे जवान ऐन थंडीत चिखलाच्या खंदकांत उभे राहिले. जखमींना समुद्र ओलांडून इंग्लंडला आणले जाई. ब्रायटन शहरातल्या राजाच्या जुन्या महालात त्यांच्यासाठी इस्पितळ उघडले गेले. हिंदू, मुसलमान आणि शीख यांच्यासाठी वेगळी स्वयंपाकघरे होती, पाण्याचे नळ वेगळे होते, आणि भिंतींवर उर्दू, हिंदी, गुरमुखीत पाट्या लावल्या होत्या. हिंदू आणि शीख जवान वारले की शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांना अग्नी दिला जाई. त्या जागी आज छत्री नावाचे पांढरे स्मारक आहे. मुसलमान जवानांची मय्यत मात्र मोटारीने वोकिंगला नेली जाई, कारण तिथे मशीद होती आणि मशिदीत इमाम होते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. त्या काळात वोकिंगच्या मशिदीची जबाबदारी मौलवी सद्रुद्दीन सांभाळत होते. या जवानांच्या जनाज्याची नमाज मशिदीच्या इमामांनी पढवली. ना आई, ना बाप, ना गावचा कोणी. तरी फर्ज अदा झाले. अलहम्दुलिल्लाह.

पण हे सहज झाले नाही. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले होते आणि १९१४ च्या नोव्हेंबरात इस्तंबूलहून इंग्रजांविरुद्ध जिहादचा पुकारा झाला होता. इंग्रज आपल्या मुसलमान सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे दफनही करत नाहीत, असा प्रचार जर्मनांनी चालवला होता. त्यामुळे लंडनच्या सरकारला या कबरींची काळजी वाटू लागली. मशिदीपासून जवळच हॉर्सेलच्या माळावर एक जागा दिली गेली. सुरुवातीला ती ओलसर आणि उघडीबोडकी होती. मौलवीसाहेब गप्प बसले नाहीत. मुसलमान जवानाला अशा जागी ठेवणे शोभत नाही, अशी तक्रार त्यांनी १९१५ मध्ये युद्धखात्याकडे केली. मग विटांची भिंत उठली, कमानीचा दरवाजा आणि घुमट उभे राहिले. १९१७ पर्यंत काम पूर्ण झाले. पहिल्या महायुद्धातले १९ जवान तिथे दफन झाले. दुसऱ्या महायुद्धातले धरून एकूण कबरी २७ झाल्या.

इथे थोडे थांबून विचार करू. सरकारने भिंत बांधली ती काही प्रमाणात राजकारणासाठी, हे खरेच. पण इमामसाहेबांनी जी चिकाटी दाखवली, ती त्या मय्यतीच्या हकासाठी होती. मेलेल्या माणसाचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशी हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण अबू दाऊदच्या हदीसमध्ये आली आहे. मुर्द्याची इज्जत जिवंतपणाइतकीच जपायची असते. मौलवीसाहेबांनी अर्जविनंत्या करून तीच जपली.

पुढची गोष्ट मात्र दुःखाची आहे. माळावरची ती जागा एकाकी होती. तिथे मोडतोड होऊ लागली. अखेर १९६० च्या दशकाच्या शेवटी त्या कबरी तिथून काढून ब्रुकवुडच्या सैनिकी कब्रस्तानात हलवल्या गेल्या. भिंत आणि कमान मागे राहिली, आत रान माजले. कितीतरी वर्षांनी स्थानिक लोकांनी आणि सरकारी खात्यांनी मिळून ती वास्तू दुरुस्त केली. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथे शांतीची बाग खुली झाली. त्या बागेत २७ जवानांसाठी हिमालयी भूर्जाची २७ झाडे लावली आहेत.

सारख्या उंचीचे दगड

ब्रुकवुडचे सैनिकी कब्रस्तान १९१७ मध्ये सुरू झाले. ते ३७ एकरांवर पसरले आहे आणि ब्रिटनमधली राष्ट्रकुलाची सर्वांत मोठी युद्ध-दफनभूमी आहे. राष्ट्रकुलातले ५ हजारांवर सैनिक तिथे आहेत. शिवाय अमेरिकन, फ्रेंच, पोलिश, झेक, बेल्जियन अशा कितीतरी देशांचे सैनिक आहेत. जर्मन आणि इटालियन युद्धकैदीही आहेत. काल एकमेकांवर बंदुका रोखणारे आज एकाच माळीच्या देखरेखीखाली आहेत.

या सगळ्याची व्यवस्था पाहणारा युद्धकबर आयोग १९१७ मध्येच स्थापन झाला. त्याचा नियम साधा होता. सर्वांना सारखा दगड. सेनापती असो की शिपाई, गोरा असो की काळा, कोणत्याही धर्माचा असो. मुसलमान जवानाच्या दगडावर अरबीत ‘हुवल् गफूर’, म्हणजे ‘तो क्षमा करणारा आहे’, असे कोरलेले असते.

नियम चांगला होता, पण तो सगळीकडे पाळला गेला नाही. २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने अहवाल दिला आणि आयोगाने माफी मागितली. त्या अहवालाप्रमाणे पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत. त्यात बहुतेक आफ्रिकेचे आणि मध्यपूर्वेचे होते. इराकमधल्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची नाही. अमुक पलटणीचे इतके शिपाई, असा नुसता आकडा. युरोपातल्या कबरीला नाव, वाळवंटातल्या मय्यतीला आकडा! मुर्द्यांच्या आगगाडीला आम्ही हसलो होतो. पण ते वर्ग गाडी बंद पडल्यावरही कुठे ना कुठे शिल्लकच होते.

हे वाचताना आम्हाला आपले कोकण आठवले. रत्नागिरीपासून रायगडपर्यंतच्या किती मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर खलाशी होते! मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशांची नावे तिथे आहेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हजारो खलाशांची नावेही तिथे नोंदवहीत लिहून ठेवली आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? आम्हीही पाहिले नव्हते.

दोन भाषांतरकार, एक कब्रस्तान

ब्रुकवुडच्या मुस्लिम तुकड्यात दोन नावे अशी आहेत, जी आपल्या घरातल्या कपाटावरही सापडतील. एक मार्माड्यूक पिक्थॉल, दुसरे अब्दुल्लाह युसुफ अली. इंग्रजीतून कुरआन शरीफ समजून घेणाऱ्यांच्या हाती बहुधा या दोघांपैकी एकाचे भाषांतर असते.

पिक्थॉल इंग्रज. १९१७ मध्ये त्यांनी इस्लाम कबूल केल्याचे जाहीर केले. १९२० ते १९२४ या काळात ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. नंतर निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले आणि तिथल्या चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आमच्यासारख्या मास्तरांना त्याचे विशेष कौतुक! १९३० मध्ये त्यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये ते वारले.

युसुफ अली मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेत आणि विल्सन कॉलेजात शिकले, आय.सी.एस. झाले. १९३४ पासून लाहोरहून त्यांचे भाषांतर आणि टीपा प्रसिद्ध होऊ लागल्या. महायुद्धात पिक्थॉल तुर्कस्तानचे उघड समर्थक होते, तर युसुफ अली इंग्रज सरकारच्या बाजूने प्रचार करत होते. एवढे टोकाचे मतभेद असलेली दोन माणसे आज एकाच मातीत आहेत.

युसुफ अलींचा शेवट वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. १९५३ च्या डिसेंबरात हा म्हातारा माणूस लंडनमध्ये एका घराच्या पायरीवर गोंधळलेल्या, निराधार अवस्थेत सापडला. पोलिसांनी इस्पितळात नेले. तिथून वृद्धांच्या आश्रमात पाठवले आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. ज्यांच्या टीपा वाचून लाखो लोकांनी कुरआन समजून घेतला, त्यांची मय्यत ताब्यात घ्यायला घरचे कोणीच आले नाही. शेवटी पाकिस्तानच्या वकिलातीने दफनाची व्यवस्था केली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

अनोळखी शिपायाचे फर्ज अदा करायला इमाम होते आणि एवढ्या नामवंताच्या वेळी घरचे कोणी नव्हते. फर्ज-ए-किफाया हा शब्द आम्ही कितीदा शिकवला असेल, पण त्या दिवशी त्याचे वजन कळले.

शेवटी आपल्या कब्रस्तानाकडे

ही सर्व हकीकत ऐकून एका मुलाने विचारले, “पण सर, ते तर इंग्रजांसाठी लढले. त्यांची आठवण कशाला?” प्रश्न रास्त आहे. कोणी पोटासाठी गेला असेल, कोणी इज्जतीसाठी, कोणी सावकाराच्या धाकाने. कोणाची नियत काय होती, याचा हिशेब अल्लाहतआलाकडे आहे. तो आपण मांडू नये. एकदा एका ज्यू माणसाचा जनाजा जाताना हुजूर (सल्ल.) उठून उभे राहिले. हा तर ज्यू आहे, असे कोणी म्हटले, तेव्हा तो जीव नव्हता का, असे आपण विचारले. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. मग कलमा पढणाऱ्या त्या जवानांसाठी मगफिरतीची दुआ करताना हात आखडता का घ्यावा?

तास संपताना दुसरा एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझ्या परदादांची कबर कुठे आहे ते अब्बांनाही माहीत नाही. आणि ते तर इथेच, आपल्या कब्रस्तानात आहेत.” त्याचे खरे आहे. आमच्या स्वतःच्या दादींची कबरही आम्हाला अंदाजानेच दाखवता येते. त्या बाभळीच्या खाली, नाही तर तिच्या अलीकडे. जुनी वही होती, ती वाळवीने खाल्ली.

आपल्या दीनमध्ये कबरीवर इमारती उठवायला मनाई आहे, आणि जागा अपुरी असली की जुन्या कबरीच्या जागी नवी होते. दगड उभारा असे आम्ही म्हणत नाही. पण एक वही ठेवायला काय लागते? नाव, बापाचे नाव, तारीख, गाव, कब्रस्तानातली बाजू. बस्तीतला लावारिस मुसाफिर असेल तर त्याचीही एक ओळ. आणि घरी जे बुजुर्ग हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून विचारा, आपल्यातले कोण बोटीवर होते, कोण पलटणीत, कोण कुठे दफन आहे. ते बोलतील तेवढे लिहून घ्या. उद्या विचारू म्हणून राहिलेले आमचे कितीतरी प्रश्न आता विचारायला कोणी उरलेले नाही.

कबरींची जियारत करा, त्याने आखिरतची आठवण होते, असा हुजूरांचा (सल्ल.) उपदेश आहे. पुढच्या वेळी कब्रस्तानात जाल तेव्हा आपल्या माणसांसाठी दुआ करून झाली की परक्या मुलखातल्या त्या २७ जणांसाठी, समुद्रात राहिलेल्या खलाशांसाठी, आणि बसऱ्याच्या दगडावर नुसता आकडा होऊन राहिलेल्या शिपायांसाठीही हात उचला. दगडावर नसली तरी त्यांची नावे अल्लाहला माहीत आहेत.

आमच्या मोहल्ल्याच्या वहीचे पहिले पान मुलांनी परवाच्या जुम्याला लिहिले. आतापर्यंत ४१ नावे झाली आहेत. ती मुलगी अक्षर चांगले म्हणून लिहायला बसते.